जागरण हा सद्गुण नव्हे

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेत बहुतेक लेख आठवणींचे असतील आणि ते तसेच असावेत. आम्हीही आठवणीनेच सुरुवात करतो. पहाटे साडेचारची घंटा, तोरणमाळच्या दिशेने उतरून येणारा गार वारा, हौदावर तोंड धुणारी पोरे आणि वंदनेनंतर ज्याच्या त्याच्या हातात उघडलेले पुस्तक, हे चित्र येथे राहून गेलेल्या प्रत्येकाच्या मनात कोरलेले आहे. त्याच चित्राचा दुसरा भाग म्हणजे परीक्षेच्या दिवसांत रात्री बारा वाजेपर्यंत व्हरांड्यातील दिव्याखाली बसलेली मुले. त्या मुलांचे आम्ही शिक्षकांनी भरभरून कौतुक केले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांची नावे घेतली आणि जो झोपतो तो मागे राहतो, असे इतरांना बजावले. बारा ते साडेचार म्हणजे अवघे साडेचार तास होतात, हा साधा हिशेब त्या वेळी आमच्यापैकी कोणीही केला नाही.

या कौतुकाची आठवण आज काढण्याचे कारण एका माउलीने आम्हाला विचारलेला प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीहून परतलेली एक बाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचा मुलगा आमचा माजी विद्यार्थी होता. अभ्यासात मध्यम, धावण्यात मात्र पुढे. बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीसाठी तो दुसऱ्या जिल्ह्यात खोली घेऊन राहत होता आणि नुकताच घरी परतला होता. ती म्हणाली, "गुरुजी, पोराला चार-चार रात्री झोप नाही. अंगणात फेऱ्या मारतो, कोणी मागे लागलंय म्हणतो. झोपेसाठी कोणती जडीबुटी देऊ, तेवढं सांगा." आम्ही तिला धीर दिला, कोमट दुधात चिमूटभर जायफळ उगाळून द्यायला सांगितले आणि शहाण्यासारखे आपल्या कामाला लागलो.

जायफळाने काहीही झाले नाही, कारण आजार झोपेचा नव्हताच. मुलाच्या दंडावरील सुयांच्या खुणा नंतर त्याच्या मोठ्या बहिणीने पाहिल्या. सोळाशे मीटरच्या धावण्यात वेळ कमी लागावा, दम टिकावा, म्हणून सोबतच्या मुलांच्या नादाने तो मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन टोचून घेत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी, विशेषतः पाठीत भूल दिल्यानंतर, रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली गेला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही व्यायामशाळा आणि भरतीची मैदाने यांच्या आसपास ते चोरून विकले जाते आणि राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. म्हणजे मातेने आमच्याकडे झोपेचे औषध मागितले तेव्हा तिच्या मुलाच्या रक्तात जागरणाचे औषध फिरत होते आणि आम्ही त्यावर जायफळ सुचवून मोकळे झालो होतो. आमची ही चूक आम्ही या स्मरणिकेत नोंदवून ठेवत आहोत. ती इतर कोणाच्या हातून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उत्तेजक पदार्थ शरीरात काय करतात, हे समजून घेणे अवघड नाही. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप दाटून येते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याची जागा अडवते. थकवा तसाच राहतो, फक्त त्याची सूचना मिळणे बंद होते. अ‍ॅम्फेटामाइन, मेथाम्फेटामाइन, मेफेड्रोन यांसारखी द्रव्ये त्याहून पुष्कळ पुढे जातात. ती मेंदूतील डोपामाइन व नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा पूर सोडतात. हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो, अंग तापते, भूक मरते, दात खाण्याची सवय लागते आणि काही तास माणसाला आपण अजिंक्य आहोत असे वाटते. मग पूर ओसरतो. त्या जागी कमालीचा थकवा, उदासी आणि चिडचिड येते. ती टाळण्यासाठी पुन्हा मात्रा घ्यावी लागते आणि दर वेळी पहिल्याइतक्या परिणामासाठी अधिक घ्यावी लागते. रात्रीमागून रात्री अशा गेल्या की संशय, भास आणि भीती मनाचा ताबा घेतात. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात तरुण वयातही येऊ शकतो. उन्हात धावणाऱ्याच्या अंगात असे द्रव्य असेल तर उष्माघाताचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सुई एकमेकांची वापरली असेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही दारात उभे राहतात.

आपल्या आडगावात हे कोठून येणार, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. मेफेड्रोन, ज्याला बाजारात 'एमडी' म्हणतात, ते फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. त्यानंतरही ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावच्या हद्दीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत आणि जानेवारी २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विट्याजवळ ते तयार करणारे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले. ही गावे नकाशावर पाहावीत. आमची मुले शिकायला, भरतीला आणि पोट भरायला ज्या नाशिक-पुण्याच्या वाटेने जातात, तीच ही वाट आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे ०.१८ टक्के लोक अ‍ॅम्फेटामाइन जातीची उत्तेजके वापरत होते. टक्का लहान दिसतो, परंतु आपल्या देशाच्या लोकसंख्येत तो वीस लाखांच्या आसपास माणसांचा होतो. त्यातील एक जण आपल्या अंगणात फेऱ्या मारू लागला की टक्केवारीला अर्थ उरत नाही.

जागरणाची भूक माणसाला कोठे नेते, याचा धडा जपानने फार पूर्वी घेतला आहे. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली एका वनौषधीतून एफेड्रिन वेगळे काढले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथाम्फेटामाइन तयार केले. १९४१ पासून ते 'हिरोपॉन' या नावाने औषध म्हणून विकले जाऊ लागले. युद्धकाळात सैनिक आणि रात्रपाळीचे कामगार जागे राहावेत म्हणून त्याचा वापर झाला. युद्ध संपले, उरलेला साठा बाजारात आला आणि हरलेल्या, उपाशी, बेकार तरुणांमध्ये व्यसनाची साथ पसरली. अखेरीस १९५१ मध्ये जपानला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. या कथेतील एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. वस्तूचा उगम वनस्पतीत होता आणि सुरुवात कामसूपणाच्या कौतुकाने झाली होती.

उत्तेजकाच्या पाठोपाठ दुसरा सापळा येतो, तो झोपेच्या गोळ्यांचा. जागे राहण्यासाठी एक पदार्थ आणि झोपण्यासाठी दुसरा, असे हे दुहेरी जोखड असते. अल्प्राझोलामच्या गोळ्या मालेगावच्या बाजूला 'कुत्ता गोळी' या नावाने नशेसाठी विकल्या जातात, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. या गोळ्यांची सवय लवकर लागते. सवय लागल्यावर त्या एकाएकी बंद केल्या तर फिट येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात. दारूचेही तसेच आहे. मोहाच्या घोटाने डोळा लागतो खरा, परंतु मध्यरात्रीनंतर झोप तुटत राहते आणि सकाळी माणूस अधिक थकलेला उठतो.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. झोपेवर नैसर्गिक उपाय आहेत की नाहीत? आहेत, मात्र 'नैसर्गिक' या शब्दाने डोळे मिटून घेऊ नयेत. जायफळ चिमूटभर निरुपद्रवी आहे. तेच चमचाभर पोटात गेले तर उलट्या, धडधड आणि भास होतात. अश्वगंधेमुळे झोप थोडी सुधारते असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, परंतु गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे व यकृताचे रुग्ण यांनी ती परस्पर घेऊ नये. सर्पगंधेचे नाव आपल्याकडे जुने जाणते घेतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे याच औषधाने काही रुग्णांत खोल उदासी येत असल्याचे आढळले. उत्तेजक सोडणाऱ्या माणसाचे मन आधीच काळोखात असते. त्याला सर्पगंधेची मुळी उगाळून देणे म्हणजे विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्याला धक्का देण्यासारखे आहे.

याउलट ज्यांना पैसा लागत नाही आणि ज्यांचा अपाय नाही, असे उपाय साधे आहेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रात्र कशीही गेली तरी. सकाळी अर्धा तास उजेडात चालावे, कारण शरीराचे घड्याळ उजेडावर लागते. दुपारनंतर चहा घेऊ नये. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. डब्यातील ऊर्जापेये तर मुलांनी घेऊच नयेत. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांपुरती असावी. रात्रीचे जेवण हलके व लवकर असावे. झोपण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने अंघोळ करावी, तळपायांना तेल चोळावे. कोमट दुधाचा गुण शास्त्राने फारसा सिद्ध केलेला नाही, पण आईच्या हातचा पेला कोणाचे वाईट करीत नाही. मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर राहावा. खाट केवळ झोपेसाठी असावी. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हा आडवे व्हावे. हे नियम घरगुती वाटतात, परंतु निद्रानाशावरील आधुनिक वर्तनोपचारांचा गाभा हाच आहे आणि जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी याच उपचारांची शिफारस केली जाते.

आपल्या शाळेत रोज सकाळी होणारी आनापान साधनाही येथे उपयोगी पडते. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे, विचार आला की त्याच्याशी न भांडता पुन्हा श्वासाकडे येणे, एवढीच ती साधना आहे. सजगतेच्या अशा सरावाने वयस्कर माणसांची झोप सुधारल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २०१५ मध्ये नोंदवले गेले. तरीही एक इशारा द्यावासा वाटतो. व्यसनातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या, भास होणाऱ्या मुलाला थेट दहा दिवसांच्या मौन शिबिरात पाठवू नये. आधी डॉक्टर, नंतर साधना, हाच क्रम योग्य आहे. श्वासाने मन निवते, सुईतून गेलेले विष उतरत नाही.

आता जो मुद्दा मांडताना आमचे मन कचरते, तो मांडतो. आपल्या समाजात बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो उपक्रम सुंदर आहे. वर्षातून एक दिवस पुस्तकाला वाहिलेला असावा, याहून मोठे अभिवादन कोणते? परंतु मुलांनी त्यातून असा अर्थ घेतला की झोप ही कमजोरी आहे. बाबासाहेबांना जागावे लागले, कारण शतकांची दारे एका आयुष्यात उघडायची होती. त्याची किंमत त्यांच्या देहाने मोजली. घटनेचा मसुदा तयार होत असताना त्यांना मधुमेह जडलेला होता, पायांत वेदना होत्या आणि झोप येत नव्हती. उपचारांसाठी ते मुंबईस आले, तेथेच डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या निद्रानाशाला आपण आदर्श मानावे, असे त्यांना कधीच रुचले नसते. त्यांनी दारे उघडली ती आपल्या मुलांना पोटभर जेवता यावे, शिकता यावे आणि निर्धास्त झोपता यावे म्हणून. शिवाय वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तासांची झोप लागते. तिच्यातून चोरलेला तास अभ्यासाच्या खात्यावर जमा होत नाही.

भगवान बुद्धांच्या काळी सोण नावाच्या भिक्खूने चालत ध्यान करता करता तळपाय रक्ताळून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर निघत नाही, सैल सोडली तरी निघत नाही. ही कथा आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! वसतिगृहाच्या वेळापत्रकात मात्र तार ताणतच गेलो.

पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे आणि १९५६ च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. शीलाचा अर्थ आम्ही असा लावतो की ते प्रथम स्वतःला सांगायचे असते. ज्याच्याकडून ते मोडले, त्याला दगड मारण्यासाठी ते दिलेले नाही. या बाबतीत आपल्या परिसराचा इतिहासही मार्गदर्शक आहे. १९३० च्या दशकात तळोद्याकडील मोरवडचे गुलाम महाराज आणि त्यांच्यामागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी बांधवांमध्ये दारूमुक्तीची चळवळ उभी केली. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी याच शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या भिल्ल भगिनी गावोगाव एकत्र निघाल्या आणि दारूच्या गुत्त्यांवर जाऊन त्यांनी मडकी फोडली. त्या बायांनी मडके फोडले ते विकणाऱ्याचे. संध्याकाळी त्या त्याच नवऱ्यांना भाकरी वाढत होत्या. राग कोठे दाखवायचा आणि करुणा कोठे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आज आपण नेमके उलट करतो. विकणारा ठाऊक असूनही गप्प बसतो आणि घेणाऱ्या मुलाचे नाव शाळेतून, घरातून, सोयरिकीच्या बोलण्यातून कमी करतो. लाजेपोटी घर गप्प राहते आणि त्या शांततेत मुलगा संपतो. वस्तुतः कायदाही एवढा निष्ठुर नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, गुन्हा अल्प प्रमाण किंवा सेवनापुरता असेल तर, खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ त्या कायद्यात आहे. लहान मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास मात्र बाल न्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उत्तेजकांच्या व्यसनावर खास असे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. समुपदेशन, नियमित दिनचर्या आणि न सोडणारी माणसे, हाच त्यावरील उपचार आहे. पुण्यात डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने माणूस परत येऊ शकतो हे महाराष्ट्राला दाखवून दिले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हे शासनाचे निःशुल्क दूरध्वनी आहेत. छातीत दुखणे, अंग भाजल्यासारखे तापणे, फिट येणे, भ्रमिष्टासारखे बोलणे किंवा जीव देण्याची भाषा यांपैकी काहीही दिसले तर जडीबुटी शोधत बसू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आठवड्यातून तीन रात्री झोप न येणे तीन महिने चालू राहिले तरीही डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या तीन सूचना आहेत. शाळेने वसतिगृहात दहानंतर दिवा ठेवू नये, साडेचारची घंटा परीक्षेच्या काळात तरी पुढे न्यावी आणि अठरा तासांच्या अभ्यासासोबत झोपेच्या महत्त्वावर एक तास ठेवावा. पालकांनी बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला फोनवर गुणांच्या आधी झोपेबद्दल विचारावे. तो रात्रभर जागा असेल, अंगाने वाळत असेल, पैसे वरचेवर मागत असेल, तर रागावण्याआधी त्याच्याकडे जाऊन यावे. माजी विद्यार्थ्यांनी नाशिक, पुणे, सुरत येथे आपापल्या खोलीचा पत्ता शाळेकडे ठेवावा, म्हणजे नव्याने गेलेल्या धाकट्या भावंडाला पहिल्या रात्री मैदानावरच्या अनोळखी मित्राऐवजी आपले दादा आणि ताई भेटतील.

तो मुलगा वाचला. त्याच्या बहिणीने त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. पहिले काही दिवस तो नुसता झोपून होता. नंतरचे कित्येक आठवडे झोप तुटक होती, मन उदास होते. भरतीचे ते वर्ष हुकले. आज तो घरची शेती पाहतो, रोज पहाटे म्हसावदच्या रस्त्यावर धावतो आणि रात्री साडेनऊला झोपतो. मागच्या मेळाव्यात तो आला, तेव्हा आम्ही त्याला व्यासपीठावर बोलावले नाही. त्याला ते नको होते. तो मागच्या रांगेत आईशेजारी बसला होता. भाषणे लांबली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो बसल्या जागी पेंगू लागला. पूर्वी आम्ही अशा मुलाला उभे केले असते. त्या दिवशी आम्ही त्याच्या आईकडे पाहिले, आईने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही आमचे भाषण आवरते घेतले.

सर्वांचे मंगल होवो.